मार्जार आणि मनुष्याची दया

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास लिहिण्याची चाल जुनी आहे. परंतु मनुष्याच्या दयेलाहि इतिहास असतो, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. दया ही मनाची उपजत वृत्ति असली, तरी ती कोणाच्या वांट्यास यावी आणि तिनें नेमकें काय करावें, हें प्रत्येक काळानें आपापल्या परीनें ठरविलें आहे. गाय, घोडा किंवा कुत्रा यांच्यावरील दयेंत उपकाराची फेड मिसळलेली असते. मांजराचें तसें नाहीं. तें घरांत राहतें, पण घरधन्याची चाकरी करीत नाहीं. उंदीर मारतें, पण तो स्वतःच्या पोटासाठीं. म्हणून दयेचा कस पाहावयाचा, तर तो मांजराच्या संबंधांत पाहावा, असें आम्हांस वाटतें. रस्त्यावरील निराश्रित मांजरांचें काय करावें, या प्रश्नास निरनिराळ्या काळीं मिळालेलीं उत्तरें आम्ही येथें थोडक्यांत मांडणार आहों.

मांजर आणि मनुष्य यांचा सहवास धान्याच्या कोठारापाशीं सुरू झाला. सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका दफनांत मनुष्याच्या शेजारीं मांजराचा सांगाडा सांपडला. त्याची हकीकत २००४ सालीं प्रसिद्ध झाली. त्या बेटावर रानमांजर मुळचें नव्हे. तेव्हां तें होडींतून माणसानेंच नेलें असलें पाहिजे. मिसर देशांत मांजर बास्त देवीचें रूप मानलें गेलें. परंतु देवीस वाहण्यासाठीं त्याच देशांत मांजरांच्या माना मुरगळून त्यांच्या ममी करीत, हेंहि तितकेंच खरें. पूजा आणि दया या दोन वस्तु भिन्न आहेत, हें तेव्हांपासूनच दिसून येतें.

आपल्याकडे मांजराची कीर्ति फारशी चांगली नाहीं. महाभारतांतील तपस्वी बोका, हितोपदेशांतील दीर्घकर्ण, महाबलिपुरच्या शिल्पांत पुढचे पाय उंचावून तप करणारें मांजर, हे सारे ढोंगाचे नमुने होत. आणि मनुस्मृतीनें दांभिक पुरुषास ‘बैडालव्रतिक’ हेंच नांव दिलें. तथापि त्याच मनुस्मृतींत मांजराच्या हत्येस प्रायश्चित्त सांगितलें आहे; आणि हातून मांजर मेलें तर काशीस सोन्याचें मांजर दान करावें लागतें, ही समजूत आमच्या आज्यापणज्यांच्या तोंडीं होती. या भयानें पुष्कळ हात आवरले असतील. परंतु त्या समजुतींत एक पळवाट होती. मारूं नये, एवढेंच ती सांगे. सांभाळावें, असें सांगत नसे. घरांत मांजरी व्याली कीं पिलें पोत्यांत घालून मासळीबाजारांत किंवा ओढ्यापलीकडे सोडून यावयाचीं, हा रिवाज चांगल्या सोवळ्या घरांतूनहि चालत आला आहे. तेथें तीं उपाशीं मेलीं किंवा कुत्र्यांनीं फाडलीं, तर तें पाप कोणाच्या माथीं, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

हा प्रश्न मुंबई शहरांत प्रथम कुत्र्यांच्या निमित्तानें भर रस्त्यावर उभा राहिला. बेवारशी कुत्रीं मारणाऱ्या शिपायांस तेथें डोक्यामागें इनाम मिळत असे. इनामाच्या लोभानें ते घरांच्या दारांत शिरून पाळीव कुत्र्यांवरहि सोटे चालवूं लागले, तेव्हां १८३२ च्या जून महिन्यांत पारशी लोक खवळून उठले. कोटांतील दुकानें बंद पडलीं, दंगल माजली आणि अखेर लष्कर बोलवावें लागलें. पुढें १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे गुजराथी व्यापारी सहकारी यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ निघाला. १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रौर्य थांबविणारी मंडळी स्थापन झाली. आणि १८८३ च्या सुमारास दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें परळास त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ उभें राहिलें. केवळ प्रायश्चित्ताच्या भयावर न विसंबतां आश्रय आणि औषध देणारी दया येथें संस्थारूपानें अवतरली, हें मुंबईस भूषणावह आहे.

परंतु आश्रयस्थान कितीहि मोठें बांधलें, तरी मांजराच्या बाबतींत तें पुरें पडत नाहीं. मांजरीचा गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा. चारपांच महिन्यांची झाली कीं तिला गर्भ राहूं शकतो; वर्षांतून दोनतीनदां ती विते आणि एका वेळीं सुमारें चार पिलें देते. उघड्यावर जन्मलेल्या पिलांपैकीं पुष्कळ मोठीं होत नाहींत. जीं होतात, त्यांच्याहि लेंकुरांची रांग लागते. अशा स्थितींत आश्रयस्थानाच्या दारीं रोज टोपल्या येत राहतात, खोल्या भरतात, दाटींत सांथ शिरते, आणि आश्रय म्हणून उघडलेलें घर स्मशान होऊं लागतें.

हाच अनुभव लंडन शहरास आला. मेरी टील्बी नामक बाईनें १८६० सालीं हॉलोवे भागांत भटक्या कुत्र्यांसाठीं एक घर उघडलें. तें १८७१ त बॅटरसी येथें गेलें आणि १८८३ पासून तेथें मांजरांसहि जागा मिळाली. १९२७ सालीं तर केवळ मांजरांसाठीं ‘कॅट्स प्रोटेक्शन लीग’ ही स्वतंत्र संस्था निघाली. इतकी दया ज्या शहरांत संघटित झाली होती, तेथेंच १९३९ च्या सप्टेंबरांत, युद्ध पुकारल्यावर पहिल्या आठवड्याच्या आंत सुमारें चार लाख कुत्रीं-मांजरें त्यांच्या धन्यांनींच मारविलीं. कायद्याची सक्ति नव्हती. शहरावर अद्यापि एकहि बाँब पडला नव्हता. शिधा अपुरा पडेल, गांव सोडावें लागेल, या नुसत्या धास्तीनें लोक पाळीव जनावरें घेऊन दवाखान्यांपुढें रांगा लावून उभे राहिले. ज्या प्राण्याचें कोणावांचून अडत नाहीं असें आपण मानतों, त्याचा प्राण घरच्या माणसाच्या धीरावर किती अवलंबून असतो, हें त्या आठवड्यानें दाखविलें.

यानंतरचें पाऊल शस्त्रवैद्यांनीं टाकलें. बोक्याचें खच्चीकरण जुन्या काळापासून ठाऊक होतें. परंतु मांजरीचें पोट उघडून अंडाशय काढण्याची क्रिया भूल देण्याची आणि जंतुनाशाची विद्या हातीं आल्यावरच निर्धोक झाली. विसाव्या शतकांत ती नित्याची होऊन बसली. १९७० नंतरच्या वर्षांत इंग्लंड व डेन्मार्क या देशांतील कार्यकर्त्यांनीं हीच क्रिया रस्त्यावरील मांजरांस लागू केली. पिंजऱ्यांत खाऊ ठेवून मांजर धरावयाचें, नसबंदी करावयाची, आणि बरें झाल्यावर त्याच्या मूळ जागीं नेऊन सोडावयाचें. भूल असतांनाच कानाचें टोंक किंचित् छाटतात, म्हणजे तेंच मांजर पुनः धरलें जात नाहीं. एखाद्या वाड्यांतील मांजरें नुसतीं मारलीं किंवा हांकलून दिलीं, तर तेथलें उष्टें आणि आडोसा यांच्या ओढीनें थोड्याच दिवसांत नवीं येतात. जुनींच ठेवून त्यांची वीण थांबविली, तर तीं आपली जागा राखून असतात, भांडणें व रात्रींचें ओरडणें कमी होतें, आणि संख्या हळूहळू उतरते. मात्र हें काम अर्धवट करून चालत नाहीं. समूहांतील बहुतेक सर्व मांजरें हातीं लागलीं पाहिजेत; दोनचार सुटलीं तर सारा खटाटोप फुकट जातो.

या पद्धतीस राजमान्यता देण्याचा मान इटलीकडे जातो. १९९१ च्या कायद्यानें तेथें मोकळ्या मांजरांच्या कत्तलीस बंदी झाली, आणि त्यांची नसबंदी करून त्यांस आपल्या ठिकाणीं राहूं द्यावें, असें ठरलें. रोम शहरांतील लार्गो आर्जेंतीना येथें हें प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. १९२९ पर्यंतच्या खोदकामांत उघड्या पडलेल्या चार देवळांच्या अवशेषांत मांजरें राहूं लागलीं. ज्युलियस सीझरचा वध झाला तें सभागृह याच जागेस लागून होतें. कित्येक वर्षें शहरांतील स्त्रिया त्यांस खाऊं घालीत. अशा स्त्रियांस तेथें ‘गात्तारा’ म्हणतात. १९९० नंतरच्या दशकांत त्यांच्याच श्रमानें तेथें व्यवस्थित आश्रम उभा राहिला. २०१२ सालीं पुराणवस्तुखात्यानें तो हलविण्याचा घाट घातला, तेव्हां मोठा गलबला झाला; पण मांजरें तेथेंच राहिलीं.

नसबंदीनें पुढचे जन्म थांबतात. परंतु जीं पिलें जन्मून गेलीं, त्यांचें काय? येथें दयेचें तिसरें अंग पुढें येतें, तें म्हणजे पालन. नवजात पिलूं उणेंपुरें शंभर ग्रॅम वजनाचें असतें. आठवडाभर तरी त्याचे डोळे मिटलेले असतात, आणि पहिले तीन आठवडे त्याला स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. दर दोनतीन तासांनीं त्यास दूध पाजावें लागतें. गाईचें दूध त्यास सोसत नाहीं. त्याच्यासाठीं वेगळें तयार केलेलें दूध लागतें. पाजल्यानंतर कोमट ओल्या कापसानें पुसून त्याचें मलमूत्र करवावें लागतें, कारण हें काम आई जिभेनें करीत असते. म्हणूनच पिलें एकटीं दिसतांच उचलूं नयेत. आई बहुधा भक्ष्याच्या शोधांत गेलेली असते, तिची वाट पाहावी. ती आलीच नाहीं, तरच मनुष्यानें तिची जागा घ्यावी. दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत पिलास माणसाचा हात लागला तर तें माणसाळतें. तो काळ गेला कीं त्याचें मन आपल्याविषयीं कायमचें साशंक होतें. संस्थेच्या दाटींत इतकी सेवा होणें कठीण. ती साध्या कुटुंबांतच होऊं शकते. असें पालन करणाराची स्थिति यशोदेसारखी असते. रात्री जागून वाढवावयाचें, आणि जीव जडला असतांच दुसऱ्याच्या घरीं पाठवावयाचें. परंतु तें गेल्यावांचून पुढच्या अनाथास जागा होत नाहीं. दत्तक घेणारानेंहि वंशाचें कर्तव्य समजून एक वचन द्यावें, कीं याची वेळेवर नसबंदी करीन. वैद्यांच्या मतें पांच महिन्यांच्या आंत ती करणें हिताचें असतें.

निसर्गाच्या कामांत हा ढवळाढवळीचा अधिकार मनुष्यास कोणी दिला, असा आक्षेप घेतला जातो. त्याचें उत्तर सायप्रसच्या थडग्यांतच आहे. मांजराला निसर्गांतून काढून गांवांत आणणारे आपणच. त्याची वीण आपल्या उकिरड्यांवर पोसते. उलट बाजूनें पक्ष्यांचे कैवारी म्हणतात, कीं मोकळें मांजर जगूं देणें हीच पक्ष्यांवर निर्दयता होय. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावरील एक चिमुकला पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाला, त्यांत मांजरांचा मोठा हात होता. आणि मॅक्वारी बेटावर ऑस्ट्रेलियानें २००० सालापर्यंत मांजरांचा पुरता उच्छेद केला. निर्जन बेटाचा न्याय आणि गजबजलेल्या शहराचा न्याय एक असूं शकत नाहीं, हें आम्ही मान्य करितों; परंतु मांजरें कमी जन्मावीं, याविषयीं दोन्ही पक्षांचें एकमतच आहे.

आपल्या देशांत १९६० सालीं प्राणिक्रौर्यविरोधी नवा कायदा झाला, त्याच्या मागें नृत्यविदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे परिश्रम होते. १९६४ पासून मद्रासच्या ब्ल्यू क्रॉस संस्थेनें कुत्र्यांच्या नसबंदीचा मार्ग दाखविला, आणि २००१ सालीं त्याचे सरकारी नियम झाले. मांजरांचा भार मात्र अजून बराचसा चाळींतल्या आणि वसाहतींतल्या कनवाळू माणसांवरच आहे. जिन्याखालीं दुधाची वाटी ठेवणारीं घरें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. पण नुसती वाटी ठेवून जो हात थांबतो, तो पुढच्या वर्षीं पोत्याचें तोंड बांधावयास पुढें होतो, असा अनुभव आहे. जी मांजरी आपल्या दाराशीं जेवते, तिला एक दिवस वैद्याकडे नेणें, तिच्या पिलांपैकीं एखादें घरांत ठेवणें आणि बाकीच्यांस चांगलीं घरें पाहून देणें, एवढें एका कुटुंबास सहज साधण्यासारखें आहे. यास लागणारा खर्च काशीस धाडावयाच्या सोन्याच्या मांजराहून पुष्कळच कमी आहे. आणि तो आधींच केला, तर त्या प्रायश्चित्ताची वेळहि येणार नाहीं.