वाघाचे चित्र

पायाखाली मेलेला वाघ, हाती बंदूक आणि मागे हाकारे करणारी माणसे, अशा संस्थानिकांच्या व साहेबांच्या छायाचित्रांची आपल्या सुशिक्षित कुटुंबांस एके काळी इतकी सवय झाली होती की, जिवंत वाघ रानात कसा चालतो हा प्रश्नच सहसा कोणाच्या मनात येत नसे. हा ठरीव देखावा पालटण्याचे मोठे श्रेय संयुक्त प्रांताच्या जंगलखात्यातील अधिकारी फ्रेडरिक वॉल्टर चँपियन यांजकडे जाते.

त्यांची युक्ती मोठी साधी होती. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर बारीक तार ताणून ठेवावयाची. रात्री त्याचा पाय तीस लागला की लख्ख उजेड पडून कॅमेरा आपोआप चालावयाचा. म्हणजे वाघानेच आपले चित्र काढून घ्यावयाचे! ही चित्रे १९२५ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये झळकली व १९२७ साली त्यांचा ग्रंथ निघाला. चित्रे निरखता निरखता चँपियन यांस असेही दिसून आले की, अंगावरील पट्ट्यांवरून एकेक वाघ निराळा ओळखता येतो.

जिम कॉर्बेट यांनी ती चित्रे पाहिली आणि आपण याहून पुढे जाऊन भर दिवसा वाघाचे चलच्चित्र घ्यावे असे मनात आणले. पण कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बुजे. तेव्हा त्यांनी ओढ्याच्या पाण्याचे छोटे धबधबे केले आणि ती घरघर खळखळाटात बुडवून टाकली. बंदुकीस जितका धीर लागतो त्याच्या दसपट धीर येथे लागला असला पाहिजे. १९४४ साली त्यांचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' प्रसिद्ध झाले. त्यात लेखक वाघाच्या दिलदारपणाची साक्ष देतो. वाचक मात्र बहुधा नरभक्षकाच्या थरारासच भुलला.

तेव्हा चित्रांनी वाघ वाचविला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. चँपियन यांची चित्रे छापून आल्यावरही पंचेचाळीस वर्षे शिकार चालूच होती. स्वराज्यानंतर तर परदेशी हौशी लोकांस वाघ मारून देण्याचा धंदाच झाला. चित्रांनी वाघाविषयी ममत्व उत्पन्न केले, परंतु ममत्वास कायद्याचा हात मिळावयास दोन पिढ्या जाव्या लागल्या. १९७० साली वाघाच्या शिकारीस बंदी झाली. त्याच वर्षी चँपियन वारले. १९७२ च्या मोजणीत देशभर अवघे १,८२७ वाघ भरले. त्याच साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ वनांत आपले मेळघाट होते. वाघ ज्यांस चित्रावाचूनही ठाऊक होता, अशा तेथील कोरकूंची काही गावे पुढे याच संरक्षणापायी हलविण्यात आली. त्यांची हकीकत वाघाच्या चित्रांइतक्या हौसेने कोणी छापल्याचे दिसत नाही.

ती १९७२ ची मोजणी पावलांच्या ठशांवरून झाली होती. आता रानोरानी कॅमेरे बांधलेले असतात. तारेऐवजी जनावराच्या अंगची ऊब त्यांस जागे करते, आणि पट्टे जुळवून पाहण्याचे काम संगणक करितो. २०२२ च्या गणनेचा ३,६८२ हा सरासरी अंदाज मुख्यतः अशाच चित्रांवरून निघाला.