गोंडीच्या तीन लिप्या आणि आम्ही मास्तर

प्रशिक्षणाला गेलं की पहिल्या तासाला एक स्लाइड हमखास येते. डावीकडे फळा, मधे प्रोजेक्टर, उजवीकडे टॅब हातात घेतलेलं हसरं पोर, आणि खाली बाण. आमच्या नार्नूरकडे शाळा या बाणाच्या दिशेनं कधी चाललीच नाही. इथे यंत्रं फार उशिरा आली. त्याच्या कितीतरी आधीपासून बदलत आल्या त्या लिप्या. गेल्या ऐंशी वर्षांत एकच गोंडी भाषा इथल्या शाळांच्या पाटीवर आधी नागरीत, मग तेलुगूत आणि मग गुंजालाच्या लिपीत लिहिली गेली. दर खेपेला मास्तराला नव्यानं विद्यार्थी व्हावं लागलं. माझ्या मते लिपी हेच वर्गातलं सगळ्यात जुनं तंत्रज्ञान, पण ते त्या स्लाइडवर नसतं.

नार्नूर म्हणजे आजच्या तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा डोंगराळ भाग. आठवडी बाजारात एकाच पालापुढे गोंडी, कोलामी, लमाणी, मराठी आणि तेलुगू ऐकू येते, आणि भाव मात्र सगळ्यांना बरोबर कळतो. मी मराठी माध्यमाचा शिक्षक. माझ्यासमोर बसलेल्या कित्येक मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत, हे मला डी.एड.ला कोणी सांगितलं नव्हतं.

१९४० साली जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंडांचा पुढारी कोमरम भीम मारला गेला आणि निजाम सरकारला जाग आली. गोंडांचं नेमकं दुखणं काय, हे कोणीतरी जाऊन पाहायला हवं होतं. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ त्या वेळी हैदराबाद संस्थानातच अडकला होता. महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे पासपोर्ट जर्मनीचा होता, त्यामुळे इंग्रजांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा माणूस. त्यानं मारलवाईत बिऱ्हाड केलं. हे गाव आज जैनूर मंडलात आहे, आमच्या शेजारीच. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षण योजना सुरू झाली.

ती सुरू कशी झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी इमारत बांधली, बाकं आणली आणि मग मास्तर शोधला, असं झालं नाही. आधी माणसं शोधली. गोंडांमध्ये लिहितावाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांना येत होतं ते मराठी. अशा अर्धवट शिकलेल्या काही जणांना मारलवाईत जमवून शिक्षक म्हणून तयार करायला घेतलं. गोंडीत पुस्तक म्हणून काही नव्हतंच, तेव्हा वाचनपाठही नव्यानं लिहावे लागले, आणि ते लिहिले नागरी लिपीत, कारण या माणसांच्या हाताला तीच लिपी होती. राज्याचा कारभार उर्दूत चालत असताना डोंगरातल्या शाळेत गोंडी शब्द बाळबोध अक्षरांत उमटत होते. पोरानं आधी आपल्या भाषेत अक्षर ओळखायचं आणि तिथून पुढे मराठीकडे आणि उर्दूकडे जायचं, असा क्रम होता. आज ज्याला आम्ही ‘मातृभाषाधारित शिक्षण’ म्हणून पीपीटीत पाहतो, ते हेच.

सेतुमाधवराव पगडींना मराठी वाचक शिवकाळाचे अभ्यासक म्हणून ओळखतात. तेही हैदराबादच्या नोकरीत असताना आदिलाबादला होते. गोंडी शिकले, तिचं व्याकरण लिहिलं, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिलं. अधिकारी असून भाषा शिकले, हे मी आमच्या प्रशिक्षकांना अधूनमधून ऐकवतो. ते हसतात आणि पुढची स्लाइड लावतात.

१९५६ ला भाषावार राज्यं झाली. राजुरा आणि किनवट तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राकडे गेले, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. शाळांतून तेलुगू आली. पलीकडे जिवतीच्या सीमेवरच्या १४ गावांवर तर दोन्ही राज्यांचा हक्क. तिथे मराठी शाळाही आहे आणि तेलुगूही, रेशनकार्डंही दोन-दोन. आमच्याकडे वाद नव्हता, त्यामुळे तशी चैनही नव्हती. मारलवाईत तयार झालेली नागरी गोंडी वाचनमाला मात्र या सगळ्यात मागे पडली. तिला कोणी बंदी घातली नाही. नव्या राज्यात तिची वाट पाहणारी परीक्षा नव्हती, एवढंच.

पुढची तीसेक वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण वर्गात पाटी, पेन्सिल, खडू आणि फळा यांपलीकडे फारसं काही शिरलं नाही. फळ्याबद्दल मात्र सांगितलं पाहिजे. रंगाचे पैसे वेळेवर येत नसत. मग टॉर्चचे संपलेले सेल फोडायचे, आतली काळी पूड काढायची, त्यात कोळसा कुटून घालायचा आणि हिरव्या पाल्याचा रस पिळून ते चिंधीनं फळ्यावर फासायचं. शनिवारी दुपारी फासलं की सोमवारी खडू चांगला उठायचा. हात मात्र दोन दिवस काळे राहायचे आणि भाकरीला सेलचा वास यायचा. ही युक्ती जुन्या मास्तरानं नव्याला दाखवायची, त्याचं परिपत्रक नव्हतं. १९८७ नंतर ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ आलं. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याची पेटी अशी ती योजना. पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली हेडमास्तरांकडे, कारण साहित्य मोडलं तर भरपाई कोण देणार?

त्याच सुमारास इंग्लंडच्या मदतीनं आंध्र प्रदेश प्राथमिक शिक्षण प्रकल्प राज्यभर पसरत होता. त्यानं शिक्षक केंद्रं आणली. आसपासच्या शाळांच्या मास्तरांनी एकत्र जमायचं, पाठ घेऊन दाखवायचा, साहित्य करून पाहायचं. आजच्या कॉम्प्लेक्स मीटिंगचं मूळ मला तिथेच दिसतं. जुने सहकारी सांगत, की चिंचोके, बांबूच्या काड्या आणि काडेपेट्या यांची नावं तिथे पहिल्यांदा अधिकृत कागदावर आली.

गोंडीला दुसरी लिपी मिळाली २००४ मध्ये. आंध्र सरकारनं आठ आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केलं, त्यात गोंडी आणि कोलामी होत्या. पुस्तकं चांगली होती, चित्रंही ओळखीची, पण अक्षर तेलुगू. पुढे तेलुगूकडे जायला सोपं पडावं, हा हिशेब वरून पाहिला तर बिनचूक होता. इकडे ज्या घरातला आजोबा नागरीत सही करायचा, त्याला नातवाच्या पुस्तकातली आपलीच भाषा वाचता येईना. आजोबा मला म्हणाले, “मास्तर, हे आमचंच आहे म्हणतो पोरगा. असेल बाबा.”

तोपर्यंत शाळेच्या कामात संगणक शिरला होता. मराठी प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर नेऊन दुसऱ्या संगणकावर उघडली की सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ. कारण साधं होतं. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचे, आणि संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच राहायचं. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक दिला, तेव्हा ही कटकट मिटली. मराठीला हे विनासायास मिळालं. तीसेक लाख लोकांच्या गोंडीला मिळेल का, हा प्रश्न तेव्हा आमच्या डोक्यातही नव्हता.

आणि उत्तर आमच्याच मंडलात पडून होतं. गुंजाला हे नार्नूर मंडलातलं गोंडांचं गाव. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमलराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे डझनभर हस्तलिखितं मिळाली, इ.स. १७५० च्या सुमाराची मानलेली. लिपी वेगळीच. वर्णमाला ‘अ’पासून किंवा ‘क’पासून नाही, ‘य’पासून सुरू होते. गावातल्या मोजक्या वयस्कर माणसांना ती वाचता येत होती. २०१४ च्या सुरुवातीला लिपी आणि तिचा पहिला फॉन्ट लोकांसमोर आला, आणि गोंडवस्तीच्या १५ शाळांत ती शिकवायचं ठरलं. जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत तिला जागा मिळाली, ‘गुंजाला गोंडी’ या नावानं. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली दुसरी गोंडी लिपी त्याआधीच्या वर्षी तिथे गेली होती. म्हणजे जगभरचे फोन ज्या यादीवरून अक्षरं ओळखतात, त्या यादीत आता आमच्या मंडलातल्या एका खेड्याचं नाव आहे. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

पण क्रमांक मिळाला म्हणून अक्षर दिसतंच असं नाही. फोनमध्ये फॉन्ट नसेल तर तिथे नुसते चौकोन येतात. कोविडमुळे शाळा बंद होत्या आणि १ सप्टेंबर २०२० ला तेलंगणात टीव्हीवरून आणि टी-सॅट या राज्याच्या शैक्षणिक वाहिनीवरून वर्ग सुरू झाले तेव्हा आम्ही शिक्षक वाडीवाडीनं फिरत होतो, कोणाच्या घरी टीव्ही आहे त्याची यादी करत. डोंगराच्या ज्या कडेला रेंज येते तिथे पोरं एका फोनभोवती बसायची. त्याच वर्षी डिसेंबरात सोलापूरकडच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. सगळ्यांनी क्यूआर कोडचं कौतुक केलं. मला त्यातलं जास्त भावलं ते हे, की कानडी बोलणाऱ्या पोरांसाठी त्यांनी आधी पुस्तकच पोरांच्या भाषेत आणलं होतं. कोड त्याच्यानंतरचा.

आता वर्गात मोठे डिजिटल पॅनल येऊ लागले आहेत. परवाच्या कॉम्प्लेक्स मीटिंगमध्ये ते कसे वापरायचे ते दाखवत होते. आमच्यातल्या एका तरुण गोंड बाईंनी हात वर केला. “सर, ह्याच्यात गुंजाला लिपी कुठंय?” सरांनी सेटिंगमध्ये जाऊन मराठी दाखवली, तेलुगू दाखवली, हिंदी, इंग्रजी. मग म्हणाले, “मॅडम, ते वेगळं टाकावं लागेल.” बाईंनी पेनड्राइव्ह पुढे केला. फॉन्ट त्यात होता. गूगलच्या नोटो संचात तो फुकट मिळतो. टाकायला दहा मिनिटं गेली, त्यातली आठ पासवर्ड शोधण्यात.

पडद्यावर ‘य’ उमटला तेव्हा खोलीतल्या बहुतेकांना तो वाचता आला नाही, मलाही नाही. पुढच्या मीटिंगला बाईंनी आम्हाला ही लिपी शिकवावी, असं मी सुचवलं. वेळ मिळाली आहे, जेवणानंतरची, म्हणजे ऐन डुलकीची. बाई म्हणाल्या, “चालेल, पण सगळ्यांनी पाटी आणायची.” पाट्या आता आमच्यापैकी कोणाकडे नाहीत. पहिलीच्या पोरांकडून उसन्या घ्याव्या लागतील.