भारतीय फुटबॉलमधील द्वितीय श्रेणी : २०२२-२३ च्या आय-लीग हंगामाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्याही देशातील साखळी फुटबॉल स्पर्धांची रचना उतरंडीसारखी असते. खालच्या श्रेणीतील विजेता संघ वरच्या श्रेणीत जातो आणि वरच्या श्रेणीत तळाला राहिलेला संघ खाली येतो. बढती आणि पदावनती या दोन तत्त्वांमुळे ही रचना जिवंत राहते. द्वितीय श्रेणीला अर्थ प्राप्त होतो तो तिला वर आणि खाली असे दोन दरवाजे असल्यामुळे. वरचा दरवाजा बंद झाला की ती श्रेणी उरत नाही, केवळ एक वेगळी स्पर्धा उरते. या दृष्टीने भारतातील २०२२-२३ चा आय-लीग हंगाम महत्त्वाचा ठरतो. या हंगामाच्या विजेत्यास इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश मिळणार होता. तसा प्रवेश केवळ मैदानावरील गुणवत्तेच्या बळावर त्यापूर्वी एकाही क्लबला मिळालेला नव्हता. प्रस्तुत लेखात या हंगामाची पार्श्वभूमी, त्याचे स्वरूप आणि महाराष्ट्र व गोव्यातील क्लबांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा परामर्श घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा उशिरा सुरू झाली. ड्युरंड चषकाची सुरुवात १८८८ मध्ये झाली असली, तरी नॅशनल फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १९९६-९७ मध्ये खेळला गेला आणि पंजाबमधील फगवाड्याच्या जेसीटी संघाने तो जिंकला. २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने हे विजेतेपद मिळविले. २००७ मध्ये या स्पर्धेचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले. तिचे पहिले सहाही हंगाम गोव्याच्या क्लबांनी जिंकले. डेम्पोने तीन वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोन वेळा व साळगावकरने एकदा विजेतेपद पटकाविले. याच काळात महाराष्ट्रातील मुंबई एफसी व पुणे एफसी हे २००७ मध्ये स्थापन झालेले दोन क्लब द्वितीय श्रेणीतून खेळून आय-लीगमध्ये पोहोचले. बढतीची पद्धत कशी कार्य करते, याचे ही दोन उदाहरणे म्हणजे प्रत्यक्ष प्रमाणच होय.

२०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीबरोबर पंधरा वर्षांचा ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून ऑक्टोबर २०१४ मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग उभी राहिली. मुंबई सिटी व पुणे सिटी हे त्यांपैकी दोन संघ होते. या स्पर्धेतील प्रवेश शुल्कावर आधारित होता आणि तिच्यात पदावनतीची तरतूद नव्हती. त्यामुळे देशात दोन स्पर्धा समांतर चालू लागल्या. आय-लीग नावाने प्रथम श्रेणीची राहिली, परंतु प्रायोजक, दूरचित्रवाणी व नामवंत खेळाडू यांचा ओघ दुसरीकडे वळला.

याचे परिणाम त्वरित दिसून आले. पुणे एफसीने २०१५ मध्ये आपला व्यावसायिक संघ बंद केला. पुण्याचाच भारत एफसी एकच हंगाम खेळून थांबला. आय-लीगला दुय्यम स्थान देणाऱ्या नियोजित आराखड्याच्या निषेधार्थ २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी स्पर्धेतून माघार घेतली. या माघारीमुळे आधीच्या हंगामात खाली गेलेल्या मिझोरामच्या ऐझॉल एफसीला पुन्हा स्थान मिळाले आणि त्याच संघाने २०१६-१७ चे विजेतेपद जिंकले. त्याच हंगामाअखेर मुंबई एफसी तळाला राहिला व लवकरच बंद पडला. त्यानंतर काही वर्षे आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता.

आराखडा आणि द्वितीय श्रेणीचा स्वीकार

या संघर्षावर तोडगा काढण्यासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूर येथे बैठक झाली आणि आशियाई फुटबॉल महासंघाने त्याच महिन्यात एका आराखड्यास मान्यता दिली. त्यानुसार इंडियन सुपर लीग ही देशातील सर्वोच्च स्पर्धा ठरली. त्याच्या मोबदल्यात २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्यास परवान्याचे निकष पूर्ण केल्यास सहभागशुल्काविना वर प्रवेश द्यावा, तसेच २०२४-२५ पासून बढती व पदावनती या दोन्ही गोष्टी पूर्णपणे अमलात आणाव्यात, असे ठरले.

दरम्यानच्या काळात मोहन बागान व ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे दोन मोठे क्लब २०२० मध्ये वरच्या स्पर्धेत गेले. त्यांचा मार्ग विजेतेपदावर नव्हे, तर विलीनीकरण व गुंतवणूक यांवर आधारलेला होता. मोहन बागानने २०१९-२० ची आय-लीग जिंकली होती हे खरे, पण तेव्हा त्या विजेतेपदाला बढतीचा अधिकार जोडलेला नव्हता. त्यानंतरचे दोन्ही हंगाम गोकुलम केरळने जिंकले, तरी त्यास वर जाता आले नाही. अर्थात सर्वात यशस्वी क्लबसही यशाचे फळ न मिळणे ही या संक्रमणकाळाची विसंगती होती.

२०२२-२३ चा हंगाम

हंगामापूर्वीचे वातावरण अनिश्चिततेचे होते. त्रयस्थ हस्तक्षेपाच्या कारणावरून फिफाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय महासंघास निलंबित केले. हे निलंबन त्याच महिन्यात मागे घेण्यात आले आणि सप्टेंबरच्या आरंभी महासंघाची नवी कार्यकारिणी निवडून आली. अशा पार्श्वभूमीवर १२ नोव्हेंबर २०२२ रोजी केरळमधील मंजेरी येथे गोकुलम केरळ विरुद्ध मोहमेडन स्पोर्टिंग या सामन्याने स्पर्धेचा प्रारंभ झाला.

बारा संघ, प्रत्येकी बावीस सामने आणि एकूण १३२ सामने असे हंगामाचे स्वरूप होते. महामारीमुळे आधीचे दोन हंगाम कोलकाता परिसरातच खेळविण्यात आले होते. या हंगामात मात्र घरच्या व परक्या मैदानावर खेळण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली. श्रीनगर, ऐझॉल, इंफाळ, गोवा, हैदराबाद, मुंबई अशा परस्परांहून अत्यंत भिन्न ठिकाणी सामने झाले. मोठ्या महानगरांच्या बाहेरचा भारत या स्पर्धेत दिसतो, हे या यादीवरूनच स्पष्ट होते.

पंजाबच्या राउंडग्लास संघाने ग्रीक प्रशिक्षक स्टायकोस व्हर्गेटिस यांच्या मार्गदर्शनाखाली १६ विजय, ४ बरोबरी व २ पराभव अशी कामगिरी करीत ५२ गुण मिळविले. ४ मार्च २०२३ रोजी राजस्थान युनायटेडचा ४-० असा पराभव करून त्याने विजेतेपद निश्चित केले. हैदराबादचा श्रीनिधी डेक्कन दुसऱ्या स्थानी राहिला. विजेता क्लब म्हणजे मूळचा मिनर्व्हा पंजाब. त्याने २०१७-१८ मध्येही आय-लीग जिंकली होती, परंतु तेव्हा वरचा दरवाजा बंद होता. तेच विजेतेपद पाच वर्षांनंतर मिळाले तेव्हा त्याचे मोल बदललेले होते. २०२३-२४ मध्ये पंजाब एफसी या नावाने हा क्लब इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला. त्यास त्या हंगामातील घरचे सामने मात्र दिल्लीत खेळावे लागले. मैदानावरील पात्रता आणि सोयीसुविधांची पात्रता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात येते.

तळाची बाजू

विजेत्याची नोंद इतिहासात सहज होते. तळाच्या संघांची तशी होत नाही. या हंगामात मुंबई केंकरे व सुदेवा दिल्ली हे दोन संघ शेवटच्या दोन स्थानांवर राहून खाली गेले. केंकरे हा मुंबईतील खेळाडूंच्या जडणघडणीतून पुढे आलेला क्लब. चेन्नई सिटीला परवाना न मिळाल्याने त्यास २०२१-२२ मध्ये आय-लीगमध्ये जागा मिळाली आणि महाराष्ट्राचे खंडित झालेले प्रतिनिधित्व पुन्हा सुरू झाले. मुंबईच्या कूपरेज मैदानावरून हे प्रतिनिधित्व दोन हंगामांतच संपले.

या पदावनतीबद्दल तक्रार करण्यास जागा नाही, कारण ती नियमाप्रमाणे झाली. प्रश्न उपस्थित होतो तो न्यायाच्या समानतेचा. अल्प साधनांच्या क्लबला तळाला राहिल्याची किंमत मोजावी लागते, मात्र त्याच वर्षी सर्वोच्च स्पर्धेत तळाला राहिलेल्या संघास ती मोजावी लागत नाही. द्वितीय श्रेणीचा खालचा दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडा, तर वरचा केवळ एकाच बाजूने, अशी ही स्थिती होती.

समारोप

२०२३-२४ मध्ये १८९१ साली स्थापन झालेल्या मोहमेडन स्पोर्टिंगने आय-लीग जिंकून वर प्रवेश मिळविला. त्याच वर्षी गोव्याचा डेम्पो क्लब तृतीय श्रेणीत दुसरा येऊन २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. निषेध म्हणून सोडलेल्या जागेवर आठ वर्षांनी, आणि तेही खालून खेळून परतणे, ही त्या रचनेला दिलेली एक प्रकारची मान्यताच होती. २०२४-२५ चे विजेतेपद मात्र वादग्रस्त ठरले. एप्रिल २०२५ मध्ये चर्चिल ब्रदर्सला विजेते घोषित करण्यात आले, तर जुलै २०२५ मध्ये क्रीडा लवादाने इंटर काशीच्या बाजूने निर्णय दिला. विजेतेपदासाठी लवादापर्यंत जावे लागणे दुर्दैवी असले, तरी त्या विजेतेपदास आता काही मूल्य आहे, याचीही ही खूण होय. पूर्ण पदावनतीची २०२४-२५ ची मुदत मात्र अंमलबजावणीविना उलटून गेली.

सारांश, २०२२-२३ च्या हंगामाने भारतीय फुटबॉलमधील तुटलेला दुवा अर्धा जोडला. महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी, मुंबई एफसी यांसारखे क्लब बंद होण्यामागे आर्थिक कारणे होतीच, परंतु जिंकूनही पुढे जाण्याची वाट नसेल, तर क्लब चालविण्याचे प्रयोजनच उरत नाही, हेही २०१४ नंतरच्या काळाने दाखवून दिले. लहान शहरातील क्लबला, त्याच्या प्रशिक्षकाला आणि तेथील मुलाला ही वाट दिसली पाहिजे. वर जाणाऱ्यासाठी दरवाजा उघडणे हे त्यातील पहिले पाऊल होते. वरच्यालाही खाली यावे लागेल, हे दुसरे पाऊल पडल्याशिवाय ही उतरंड पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.