सांगोला: अकरा विजय आणि १९२ मतं

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसचं पानिपत झालं. पक्षाची गाडी ८० जागांवर अडली आणि शिवसेना-भाजप युतीचं पहिलं सरकार आलं. राज्यभर काँग्रेसचे मातब्बर पडत असताना सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात मात्र काँग्रेसचा उमेदवार निवडून आला. तोही कुणाला हरवून? १९७४ पासून सलग निवडून येणाऱ्या शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) गणपतराव देशमुखांना. शहाजीबापू पाटील जिंकले ते १९२ मतांनी.

सांगोला म्हटलं की गणपतराव आठवतात आणि गणपतराव म्हटलं की अकरा विजय. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार होण्याची कामगिरी महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही. पण या आकड्याच्या तेजात दुसरी गोष्ट झाकली जाते. सांगोल्यानं कुणालाही सातबारा लिहून दिलेला नव्हता. इथं दर वेळी लढत झाली आणि बहुतेक वेळा ती पाण्याभोवतीच झाली.

आधी जमीन पाहू. माणदेशाच्या पूर्व टोकाला असलेला हा तालुका पर्जन्यछायेतला आहे. साताऱ्याकडून येणारी माण नदी आटपाडीतून सांगोल्यात उतरते आणि पुढे भीमेला मिळते, पण वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूर करत इथं पोचतो तोवर शेपटाला आलेला असतो. ज्वारी-बाजरी, शेळ्या-मेंढ्या आणि दुष्काळ पडला की जगायला बाहेर पडणं, असं इथलं जुनं जगणं. धनगर समाज मोठ्या संख्येनं आहे, मराठा समाजही आहे. मतांचं गणित मांडताना जात धरावीच लागते. पण केवळ जातीनं निकाल ठरत असता तर १९७२ आणि १९९५ चे निकाल लागलेच नसते.

देशमुख मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. सांगोल्यात आले ते वकील म्हणून. शेकाप तेव्हा राज्यातला वजनदार विरोधी पक्ष होता. शंकरराव मोरे, केशवराव जेधे, सोलापूरचे तुळशीदास जाधव अशा काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या बहुजन पुढाऱ्यांनी तो उभा केला होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या, शेकापला १५ मिळाल्या. त्या पंधरांतली एक सांगोल्याची होती. पस्तिशीतला हा वकील आमदार झाला आणि १९६७ ला पुन्हा निवडून आला.

मग १९७२. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसनं २७० पैकी २२२ जागा घेतल्या, शेकाप १९ वरून ७ वर आला. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे विजयी झाले. याच काळात महाराष्ट्रावर तो भयंकर दुष्काळ कोसळला. गावोगावी दुष्काळी कामं निघाली, खडी फोडायला अख्खी कुटुंबं जाऊ लागली. कामाची मागणी, मजुरीचा दर, वेळेवर पगार या प्रश्नांवर राज्यभर डाव्या पक्षांनी मोर्चे काढले आणि त्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा घडला. सांगोल्यात १९७४ साली पोटनिवडणूक लागली तेव्हा देशमुख परत आले. दुष्काळात तालुक्यानं जे भोगलं होतं, त्यानंतरचा हा कौल होता. त्याकडे केवळ एका माणसाची लोकप्रियता म्हणून पाहणं अपुरं आहे.

पुढची एकवीस वर्षं शेकापचा लाल बावटा सांगोल्यात टिकला. १९७८, १९८०, १९८५, १९९० असे विजय आले. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात देशमुख मंत्री झाले. पण निवडणुकीचं खरं भांडवल तालुक्यातच साठत होतं. सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. ज्या भागात कापसाचं पीक नावापुरतंच, तिथं सूतगिरणी चालवून दाखवणं हे धाडस होतं. कोरडवाहू घरांतल्या पोरांना त्यातून महिन्याचा पगार मिळू लागला. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि माळरानांवर बोर, डाळिंब दिसू लागलं. ठिबकवर जगवलेल्या डाळिंबानं अजनाळ्यासारख्या गावांचं नाव निर्यातीच्या बाजारात पोचवलं. एसटीनं प्रवास करणारा साधा आमदार ही आबासाहेबांची, म्हणजे गणपतरावांची, प्रतिमा खरीच होती आणि लोकांना ती मनापासून भावली. तरीही नुसत्या साधेपणावर अर्धं शतक मतं मिळत नाहीत. सूतगिरणी आणि फळबागा बाजूला ठेवून हा मतदारसंघ समजणार नाही.

मग १९९५ ला काय झालं? वीस वर्षांत मतदारांची नवी पिढी आली होती आणि तिला नवा गडी हवा होता. शहाजीबापू पाटील तरुण होते, भाषणाला फर्डे होते आणि गावरान बोलीत सभा जिंकत होते. १९२ मतं म्हणजे एखाद्या वाडीचं मतदान. त्या निकालानंतर देशमुखांचं राजकारण संपलं असं कुणी म्हटलं असतं तर ते अवाजवी वाटलं नसतं. वय सत्तरीकडे झुकलेलं, पक्ष राज्यात सहा जागांवर आलेला.

पण ते थांबले नाहीत. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या परंपरेतले नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीतून दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू केली होती. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशाला द्या, ही तिची मागणी होती. देशमुख त्या लढ्याचे आधारस्तंभ राहिले. कराडजवळच्या टेंभू योजनेचं पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडीमार्गे सांगोल्यापर्यंत यावं, मिरजेकडून म्हैसाळचं यावं, नीरेच्या शेपटाला हक्काचा वाटा मिळावा, यासाठी परिषदा, मोर्चे, विधानसभेतली भाषणं असं वर्षानुवर्षं चाललं. १९९९ ला ते पुन्हा निवडून आले आणि विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गेले. २००४, २००९ आणि २०१४ ची निवडणूकही त्यांनी जिंकली. २०१४ ला मोदी लाट असताना, नव्वदीला टेकलेल्या या उमेदवारानं शिवसेनेकडून उभ्या राहिलेल्या शहाजीबापूंना पंचवीस हजारांहून अधिक मतांनी हरवलं. शेकापचे राज्यात तेव्हा तीनच आमदार उरले होते: अलिबाग, पेण आणि सांगोला.

शहाजीबापूंचंही मोल इथं मान्य करायला हवं. पराभवामागून पराभव पचवून उभं राहणं सोपं नसतं. त्यांच्यासारखा चिवट विरोधक समोर असल्यामुळेच सांगोल्याच्या आमदाराला मतदारसंघात पाय रोवून राहावं लागलं. २००८ च्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडल सांगोल्यात आलं, लोकसभेसाठी पंढरपूरऐवजी माढा आला. सीमा बदलल्या, पण मुख्य लढतीतले दोघे तेच राहिले.

२०१९ ला वयामुळे देशमुख रिंगणाबाहेर राहिले. शेकापची उमेदवारी अखेर त्यांचे नातू डॉ. अनिकेत यांच्याकडे आली. बापू शिवसेनेचे उमेदवार. निकाल लागला ७६८ मतांनी, बापूंच्या बाजूनं. दोन वर्षांनी, ३० जुलै २०२१ रोजी, गणपतरावांचं सोलापुरात निधन झालं.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत बंड करून एकनाथ शिंदेंसोबत गुवाहाटीला गेलेल्या आमदारांत शहाजीबापू होते. झाडी, डोंगर आणि हाटिलाचं वर्णन करणारं त्यांचं फोनवरचं बोलणं महाराष्ट्रभर गाजलं आणि सांगोल्याचं नाव घरोघरी पोचलं. तालुक्यात मात्र पुढची लढत पुन्हा पाण्यावर आली. उजनीच्या पाण्यावरची सांगोला उपसा सिंचन योजना हा बापूंच्या प्रचाराचा कणा होता, तर शेकाप आबासाहेबांच्या पाणीलढ्याचा वारसा सांगत होता.

२०२४ ला सामना तिरंगी झाला. शिंदेंच्या शिवसेनेचे शहाजीबापू, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे दीपक साळुंखे आणि शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, म्हणजे गणपतरावांचे दुसरे नातू. महाविकास आघाडीतल्या मित्रपक्षानंच समोर उमेदवार दिल्यामुळे शेकापला एकट्यानं लढावं लागलं. राज्यात महायुतीची प्रचंड लाट होती. सांगोल्यानं १९९५ सारखंच याही वेळी राज्याबरोबर वाहून जायचं नाकारलं. बाबासाहेब पंचवीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले. १९६७ ला १९ आमदार असलेल्या शेकापचा २०२४ ला एकच आमदार निवडून आला, आणि तो सांगोल्याचा.