पिठाचा स्फोट आणि हवेचा भोवरा

२ मे १८७८ च्या संध्याकाळी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात वॉशबर्न ‘ए’ ही पिठाची गिरणी स्फोटाने उडाली. शेजारच्या गिरण्याही उद्ध्वस्त झाल्या. १८ कामगार दगावले. गिरणीत दारूगोळा नव्हता, होते ते गव्हाचे पीठ! गोणीतले पीठ सहसा भडकत नाही; पण तेच हवेत तरंगू लागले की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी ऑक्सिजन मिळतो. मग एक ठिणगी पुरते. मिनेसोटा विद्यापीठाच्या पेकहॅम आणि पेक या प्राध्यापकांनी प्रयोग करून हे दाखवून दिले.

त्या काळी रव्यातला कोंडा हवेच्या झोताने उडवून लावत. त्याबरोबर बारीक पीठही उडे. ही धूळ पकडायची कशी? १८८५ मध्ये मिशिगनमधील निकरबॉकर कंपनीच्या जॉन फिंच यांना धूळ-संग्राहकाचे पेटंट मिळाले. त्यांची रचना आजच्या सायक्लोनहून बरीच वेगळी होती, पण हवेला गरगर फिरवण्याची कल्पना तीच.

आजचा सायक्लोन म्हणजे खाली निमुळता होत जाणारा पत्र्याचा नळकांडा. धुळकट हवा वरच्या बाजूने, भिंतीला स्पर्शून आत शिरते, गोल फिरत खाली उतरते आणि तळाशी उलटून मधल्या नळीतून वर निघून जाते. यात फिरणारा भाग एकही नाही. फिरते ती हवाच. धुळीच्या कणाला मात्र जडत्वामुळे सरळ जायचे असते. (त्याला कोणी बाहेर ढकलत नाही, हे वर्गात आवर्जून सांगावे.) हवा वळते, कण तितक्या चटकन वळत नाही, भिंतीशी पोचतो आणि तिच्यालगतच्या हवेबरोबर घसरत खालच्या डब्यात जमा होतो.

आपण आकडे घालून पाहू. वेग सेकंदाला १५ मीटर, त्रिज्या २५ सेंटिमीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की त्वरण ९०० येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९२ पट! वेग तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली तर हे त्वरण दुप्पट होते. म्हणून बारीक धुळीसाठी एका मोठ्या सायक्लोनऐवजी अनेक छोटे शेजारी-शेजारी बसवतात. जेम्स डायसन यांनी लाकूड-गिरणीतला सायक्लोन पाहून, ५१२७ नमुने बनवून, पिशवीविना चालणारा व्हॅक्यूम क्लीनर तयार केला.

तरीही सगळी धूळ हाती लागत नाही. व्यास निम्मा झाला की कणाचा भिंतीकडे सरकण्याचा वेग चौथाई होतो. त्यामुळे सुमारे ५ मायक्रॉनहून लहान कण बरेचदा निसटतात, आणि फुप्फुसात खोलवर जातात ते नेमके हेच. त्यांच्यासाठी पुढे कापडी गाळणी लावावी लागते. शिवाय सायक्लोनमध्ये फिरणारे पीठ पेट घेऊ शकतेच. म्हणून स्फोट झाल्यास त्याचा दाब बाहेर पडावा, यासाठी त्याच्यावर मुद्दाम कमजोर पत्र्याचे झाकण बसवतात.