उदयनाचा ईश्वर आणि हरवलेला पूर्वपक्ष

उदयनाचार्याविषयी पंडितपरंपरेत एक आख्यायिका सांगितली जाते. मिथिलेचा हा थोर नैयायिक जगन्नाथाच्या दर्शनासाठी पुरीस गेला, तो देवळाचे दार बंद. तेव्हा त्याने देवालाच बजावले की, ऐश्वर्याच्या मदात आज तू माझी अवज्ञा करतो आहेस. पण बौद्ध वादाला उभे राहतील, तेव्हा तुझे अस्तित्व माझ्यावरच अवलंबून असेल. भक्ताने देवाशी भांडावे, यात आपल्याला नवल वाटत नाही. आपल्या संतांनी ते मनसोक्त केले आहे. उदयनाच्या भांडणाचा सूर मात्र निराळा आहे. देवाचे असणे वादसभेत सिद्ध करावे लागते आणि ते काम आपण करतो, हा तार्किकाचा अधिकार त्यामागे आहे.

वर्गात ही कथा सांगितली की विद्यार्थी हसतात आणि मग हमखास विचारतात, ‘म्हणजे त्या काळी नास्तिक फक्त बौद्धच होते?’ या प्रश्नातच आपला एक जुना गैरसमज दडलेला आहे. नास्तिक म्हणजे ईश्वर न मानणारा, हा अर्थ आज रूढ आहे. मनुस्मृतीच्या लेखी मात्र नास्तिक म्हणजे वेदनिंदक. त्यामुळे वेदांना शिरोधार्य मानून जगत्कर्ता ईश्वर नाकारणारा माणूस आस्तिकच ठरत असे. असे आस्तिक थोडेथोडके नव्हते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत ईश्वरावाचून सृष्टीची उपपत्ती लागते. मीमांसकांचा अग्रणी कुमारिल भट्ट तर सातव्या शतकात ‘श्लोकवार्तिका’त जगत्कर्त्याची कठोर उलटतपासणी घेतो. सृष्टीपूर्वी काहीच नव्हते, तर ईश्वराला निर्मिती करताना पाहिले कोणी? त्याने करुणेपोटी जग निर्मिले म्हणावे, तर करुणा करावी असे जीव तेव्हा होते कुठे? आणि करुणाच असती, तर जग केवळ सुखाचे झाले असते. जीवांच्या कर्मानुसार तो फळ देतो म्हणावे, तर त्याचे स्वातंत्र्य उरले कुठे? वेद अपौरुषेय आणि नित्य आहेत, त्यांना कर्त्याची गरज नाही, या श्रद्धेतूनच कुमारिलाचा हा निरीश्वरवाद उगवलेला आहे.

हे सारे आक्षेप ज्याच्यावर होते, ते नैयायिकांचे अनुमान दिसायला साधे आहे. पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या कार्ये आहेत, जसा घट. घट कुंभारावाचून होत नाही, तसे जगही कुणा ज्ञानी कर्त्यावाचून होणार नाही. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कदीपिके’त हे अनुमान येते आणि तिथेच आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांची त्याच्याशी पहिली (आणि पुष्कळदा शेवटची) गाठ पडते. त्या एका वाक्यामागे कित्येक शतकांचे रण आहे, याचा त्यांना पत्ताही नसतो.

या अनुमानावरचा सर्वांत नेमका घाव सातव्या शतकातच बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त घातला. मातीचा घट कुंभार करतो, म्हणून मातीचे वारूळही कुंभारानेच केले असे आपण म्हणतो काय? विशिष्ट प्रकारची रचना पाहून आपण कर्त्याचे अनुमान करतो. कारण तशा रचना कर्ता असताना होतात आणि नसताना होत नाहीत, हा आपला अनुभव असतो. डोंगर आणि घट या दोहोंना ‘कार्य’ हा एकच शब्द लावला, एवढ्यावरून दोहोंचा स्वभाव एक होत नाही. शब्दाच्या साम्याला वस्तूचे साम्य समजण्याची ही चूक धर्मकीर्तीने फार अचूक हेरली आहे.

उदयनाने दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेली ‘न्यायकुसुमांजली’ हे या साऱ्यांना एकत्रित उत्तर आहे. ग्रंथाचे पाच स्तबक म्हणजे विरोधकांच्या पाच आक्षेपांची उत्तरे. त्यांपैकी तिसऱ्या स्तबकातला युक्तिवाद पाहण्याजोगा आहे. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, असे प्रतिपक्षी म्हणतो. उदयन म्हणतो, जमिनीवर घट नाही हे पाहून कळते. कारण घट असता तर तो दिसलाच असता. जी वस्तू दिसण्याजोगी आहे, तिचेच न दिसणे तिचा अभाव सिद्ध करते. ईश्वर मुळात दृश्य नाही, तेव्हा त्याचे न दिसणे काहीच सिद्ध करत नाही. शिवाय, ईश्वराला शरीर नाही म्हणून तो कर्ता नव्हे, असे अनुमान करणाऱ्याने आधी ईश्वर मानलेला असतो. न मानलेल्या वस्तूविषयी अनुमान करणार तरी कसे?

वाद इथे संपला, असे वाटते. पण गंगेच्या दक्षिण तीरावर, आजच्या भागलपूर जिल्ह्यात, विक्रमशिला महाविहारात ज्ञानश्रीमित्र आणि त्याचा शिष्य रत्नकीर्ती साधारण त्याच काळात ईश्वरानुमानाचे खंडन करत होते. उदयनाची मिथिला गंगेच्या पलीकडची. हे वादी एकमेकांचे शेजारी होते. ‘आत्मतत्त्वविवेका’त उदयन ज्ञानश्रीच्या मतांचा समाचार घेतो. रत्नकीर्तीच्या ‘ईश्वरसाधनदूषणा’तली युक्ती थोडक्यात अशी : कारण नसेल तिथे कार्य होत नाही, हे पाहिल्यावाचून कार्यकारणभाव ठरत नाही. कुंभार नसताना घट होत नाही, हे आपण पाहू शकतो; कारण कुंभाराचा अभाव आपल्याला कळतो. पण जो कर्ता दिसण्याजोगाच नाही, तो अमुक ठिकाणी नाही हे कळणार कसे? आणि ते कळले नाही, तर त्याच्यावाचून कार्य होत नाही, हा नियम कशावर उभा करायचा? म्हणजे अदृश्यतेची जी ढाल ईश्वराला खंडनापासून वाचवते, तीच त्याच्या मंडनाचीही वाट अडवते.

हे उत्तर आपल्या पंडितांनी शतकानुशतके वाचलेलेच नव्हते. बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या आरंभी विक्रमशिलेसारखे विहार उद्ध्वस्त झाले आणि त्यांच्या पोथ्या इथून नाहीशा झाल्या. बौद्ध पक्ष उरला तो मुख्यतः इतरांच्या ग्रंथांतला पूर्वपक्ष म्हणून, म्हणजे प्रतिपक्ष्याच्या तोंडून आणि त्याच्या सोयीने. ईश्वरवादाचा विचार पुढेही थांबला नाही. चौदाव्या शतकात गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त त्याला नवी धार दिली. पण समोर बसून उत्तर देणारा बौद्ध आता नव्हता. विसाव्या शतकात, १९२९ ते १९३८ या काळात, राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटच्या चार खेपा केल्या आणि तिथल्या विहारांतून संस्कृत पोथ्या शोधल्या, त्यांच्या नकला व छायाचित्रे पाटण्यास आणली. त्यांतून अनंतलाल ठाकूर यांच्या संपादनाखाली १९५७ साली रत्नकीर्तीची आणि १९५९ साली ज्ञानश्रीमित्राची निबंधावली छापली गेली. जवळजवळ साडेसातशे वर्षांनी वादातला दुसरा पक्ष स्वतःच्या आवाजात बोलू लागला.

मग जिंकले कोण? मला वाटते, या प्रश्नापेक्षा उदयनाने ग्रंथाच्या दोन टोकांना जे म्हटले आहे, ते अधिक मोलाचे आहे. आरंभी तो सांगतो की, या ना त्या नावाने सगळेच ज्याची उपासना करतात, कारागीरसुद्धा विश्वकर्मा म्हणून ज्याला भजतात, त्याच्याविषयी शंका ती काय घ्यायची! तरीही आपण ही चर्चा करतो. कारण श्रवणानंतरचे मनन म्हणजेही उपासनाच. आणि शेवटी तो ईश्वराला विनवतो की, इतक्या युक्तिवादांनंतरही ज्यांच्या हृदयात तुला जागा मिळाली नाही ते पाषाणहृदयी खरे, पण तुझे खंडन करण्यासाठी का होईना, त्यांनी तुझेच चिंतन केले आहे; तेव्हा दयाळा, त्यांनाही योग्य वेळी तार.

त्यात विजेत्याचा थोडा तोरा आहे, हे मान्य. रत्नकीर्तीला असे तारले जाणे मुळीच रुचले नसते. पण आपल्या श्रद्धेला प्रश्न विचारणारा माणूस आपल्याइतक्याच गंभीरपणे त्या श्रद्धेचा विचार करतो, ही जाण त्या प्रार्थनेत आहे. आज ‘नास्तिक’ हा शब्द शिवीसारखा फेकला जातो किंवा बिरुदासारखा मिरवला जातो. दोन्ही वेळा समोरच्याचे म्हणणे ऐकण्याची गरज संपते. पुरीच्या त्या बंद दारापुढे उदयनाला आपल्या बळाची खात्री होती, ती बौद्ध समोर होते म्हणून. ते गेले, आणि त्याचे उत्तर तेवढे उरले. प्रश्न तिबेटातल्या पोथ्यांत वाट पाहत राहिले.