व्हिएतनामची कणी आणि आपल्या कण्या

मुंबईहून हनोई आणि हो चि मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या लोकांनाही व्हिएतनाम जवळ वाटायला लागलंय. आधी बँकॉक-पट्टाया करून येणारी शिरूर-दौंडची मंडळी आता दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जातात. काही जण तर खास खाण्यासाठी जातात, 'फूड टूर' म्हणून. सकाळी फो, दुपारी बान्ह मी, रात्री रस्त्याकडेला बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून कॉम ताम. फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

मी गेलेलो नाही. पण ती नावं ऐकून त्या पदार्थांचा इतिहास वाचत गेलो आणि शेवटी आपल्याच दोन तालुक्यांच्या इतिहासात येऊन पोचलो. कसा, ते सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा.

आधी कॉम ताम. याचा सरळ अर्थ मोडका तांदूळ. आपण ज्याला कणी म्हणतो ती. भात सडताना-गाळताना जो तुकडा पडतो, तो बाजारात विकला जात नाही, म्हणून दक्षिण व्हिएतनाममधला गरीब शेतकरी तोच शिजवून खायचा. आज हा सायगावचा मानाचा पदार्थ आहे. पर्यटकाला ताट वाढताना 'ही गरिबाची कणी होती' हे लपवत नाहीत, उलट आवर्जून सांगतात.

दुसरी अंड्याची कॉफी. १९४६ साली हनोईत युद्धाची धामधूम होती, दुधाची टंचाई होती. मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर घोटला आणि कॉफीवर घातला. आज जगभरचे लोक त्या कपासाठी रांग लावतात. आणि बान्ह मी म्हणजे फ्रेंचांचा पाव. राज्य करायला आलेल्यांनी आणला, राज्य गेलं, पाव राहिला. आपल्याकडे 'पाव' आणि 'बटाटा' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे, तसंच. आपला वडापाव या दोन शब्दांशिवाय होतच नाही.

पण या सगळ्याच्या तळाशी एक काळी गोष्ट आहे. १९४४-४५ मध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये भयंकर दुष्काळ पडला. वर जपानी लष्कर, खाली फ्रेंच कारभार. भाताच्या जमिनीत ताग आणि एरंडी लावायला भाग पाडलं, उरलेलं धान्य सक्तीने उचललं, आणि बॉम्बफेकीने रस्ते-रेल्वे तुटल्यामुळे दक्षिणेतला तांदूळ उत्तरेत पोचला नाही. मेलेल्यांचे अंदाज ४ लाखांपासून २० लाखांपर्यंत आहेत. २ सप्टेंबर १९४५ ला हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली, त्या भाषणातही या भूकबळींचा उल्लेख आहे. हनोईत त्यांचं स्मारक आहे.

म्हणजे तो देश आपली भूक विसरलेला नाही. ती ताटात वाढतो आणि तिची गोष्टही सांगतो.

आता आपल्याकडे या.

गेल्या महिन्यात एक दिवस काढला आणि मोटारसायकलवर शिरूर ते दौंड असा खात खात, थांबत थांबत गेलो. शिरूर, न्हावरे, पारगाव, केडगाव, चौफुला, पाटस, दौंड. रोजचाच रस्ता. बातमीसाठी शंभर वेळा तुडवलेला. या वेळी फक्त एकच प्रश्न घेऊन निघालो: इथे माणसं काय खात होती, आणि नव्हतं तेव्हा काय खात होती?

शिरूर म्हणजे जुनं घोडनदी, इंग्रजांची छावणी. इथे कर्नल वॉलेसची कबर आहे. हा माणूस १८०९ मध्ये वारला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये त्याच्याबद्दल चमत्कारिक नोंद आहे. लोक त्याला 'सत्पुरुष' मानायचे, आणि सुगीला आजूबाजूच्या गावातले शेतकरी नव्या धान्याचा पहिला वाटा त्याच्या कबरीवर नैवेद्य म्हणून आणायचे. परक्या फौजेचा अधिकारी, आणि त्याला आपल्या रानातल्या धान्याचा नैवेद्य! हसू नका. पाऊस कधी दगा देईल याचा नेम नाही अशा मुलखात शेतकरी कोणापुढेही हात जोडतो.

दुपारी शिरूरच्या एका खानावळीत बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा खाल्ला. मालकाला विचारलं, हुलग्याचं माडगं मिळेल का? तो म्हणाला, "पत्रकारसाहेब, ते कोण खातंय आता? शेंगोळी सांगा, रविवारी असतात." शेंगोळी हुलग्याचीच, पण ती आता 'गावरान स्पेशल' झालीत. माडगं मात्र अजून गरिबाचंच राहिलंय.

पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका. दोन्ही बाजूंना ऊस, मधून मधून गुऱ्हाळं. चुलवाणात चिपाडं धडधडत होती, काहिलीत रस उकळत होता. काकवी घेतली, मस्त होती. पण याच तालुक्यातल्या गुळात साखर मिसळल्याच्या तक्रारी आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कारवाया यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. खडकवासल्याचं कालव्याचं पाणी आलं, भीमेच्या पाण्यावर मोटारी बसल्या, ऊस आला, पैसा आला. चांगलंच झालं. त्याआधी या रानात बाजरी, जोंधळा, हुलगा, मटकी होती, हे आता सांगावं लागतं.

केडगावात मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंचं नाव आपण शाळेत ऐकतो, पण त्यांच्या कामातली भूक शाळेत शिकवत नाहीत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली. पुराणं सांगत फिरणारं विद्वान कुटुंब, आणि अन्नावाचून संपलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर आणलं. १९०० पर्यंत तिथे दीड हजारांच्या वर माणसं राहत होती. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालायचं म्हणजे काय, हे ज्यांनी गावजेवणाची पंगत उठवलीय त्यांना विचारा. आणि हे रोज. विहिरी, शेती, गाईगुरं, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं तिथल्या बायकांनीच चालवलं. रमाबाईंच्या धर्मांतरावर वाद घालणारे आपल्याकडे भरपूर आहेत. त्या वादात हे स्वयंपाकघर कुणी आणत नाही.

चौफुल्याहून एक रस्ता सुप्याला जातो. १२ मे १८७५ ला सुप्याच्या आठवडी बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, वह्या आणि खतं जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते प्रसिद्ध आहेत. तेव्हाच्या भीमथडी, इंदापूर, शिरूर या तालुक्यांत आणि पुढे नगरकडे ते पसरले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला भाव आला होता, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव पडला, सारा मात्र वाढीव राहिला. खळ्यावरचं धान्य घरी येण्याआधीच सावकाराच्या पोत्यात जाऊ लागलं. लोकांनी माणसं फारशी मारली नाहीत, कागद जाळले. त्यांना नेमकं माहीत होतं की आपली भाकरी कुठल्या कागदात अडकलीय.

पुढच्याच वर्षी, १८७६ ला, पाऊस गेला.

इथे दौंडच्या लोकांनी जरा थांबून वाचा. आपलं गाव जंक्शन कशामुळे झालं? पुण्याकडून सोलापूरकडे जाणारी लाईन आधीच होती. दौंड-मनमाड लाईन १८७८ ला सुरू झाली, आणि तिचं मातीकाम १८७६-७७ च्या दुष्काळात कामावर आलेल्या उपाशी माणसांनी केलं. नगरच्या बाजूला गाडी ज्या भरावावरून धावते, तो भराव भुकेल्या हातांनी घातलाय. त्याच काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी १ पौंड धान्याच्या किमतीवर आणली, वर थोडे पैसे. १ पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या मंडळींनी, या कपातीविरुद्ध सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. मजुरांनीही कामावर जायला नकार दिला. भुकेल्या माणसांचा संप! आपल्या भागाच्या इतिहासात यापेक्षा मोठी गोष्ट मला दिसत नाही.

दौंड स्टेशनवर चहा-वडापाव घेतला. प्लॅटफॉर्मवर गाड्यांच्या घोषणा चालू होत्या. उतरणाऱ्या-चढणाऱ्या हजारो लोकांना यातलं काही कोणी सांगत नाही.

"जुनं कशाला उकरता," असं काही जण म्हणतील. ठीक आहे, १८७६ जुनं. १९७२ तर जुनं नाही ना?

१९७२ च्या दुष्काळात माझी आई दहा-बारा वर्षांची होती. आजोबा-आजी खडी फोडायला जायचे, आई धाकट्याला सांभाळायला कामावरच बसायची. तिथे सुकडी मिळायची. आणि रेशनला अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. आई सांगते, त्या भाकरीला चव नव्हती, थापताना फाटायची, आणि कुणी पाहुणा आला की आजी ती टोपलीखाली झाकायची. कण्या शिजवल्या असल्या तर चुलीमागे सरकवायची. पाहुण्याच्या घरीही तेच शिजत होतं, हे दोघांनाही माहीत होतं. तरी झाकायची.

त्याच दुष्काळातल्या कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, १९७७ ला कायदा झाला, आणि २००५ ला केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. टेंपलच्या १ पौंडापासून 'मागेल त्याला काम' या हक्कापर्यंत शंभर वर्षांचा प्रवास आहे, आणि तो आपल्यासारख्या अवर्षणाच्या तालुक्यांतल्या माणसांनी पाट्या टाकत केलाय. देशाला आपण काय दिलं असं कुणी विचारलं, तर हे सांगता येतं.

आपण सांगतो का? नाही. आपण अजून टोपलीच झाकतोय.

गंमत बघा. २०२३ हे भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. सरकारने बाजरी-नाचणीला 'श्री अन्न' म्हणायला सुरुवात केली. पुण्याच्या मॉलमध्ये बाजरीची बिस्किटं चकचकीत पाकिटात आली. आणि आमच्या तालुक्यात लग्नाच्या पंगतीत पनीर आणि नूडल्सचा स्टॉल. पनीरला माझा विरोध नाही, मीही दोनदा घेतो. पण वाईट याचं वाटतं की आपली भाकरी आपल्याला दुसऱ्याने नाव बदलून विकल्याशिवाय भारी वाटत नाही.

यात नुसती अस्मिता नाही, व्यवहारही आहे. हुलगा, मटकी, बाजरी ही कमी पाण्यात तग धरणारी पिकं. ती टंचाईतल्या पिढ्यांनी पारखून ठेवलेली होती. कुठली पालेभाजी पेरल्याशिवाय येते, तांदुळजा कधी खुडायचा, घोळ कुठल्या बांधावर मिळते, कण्या किती वेळ भिजवायच्या, माडगं फुटू नये म्हणून काय करायचं, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते ज्यांच्याकडे आहे ती माणसं आज साठी-सत्तरी ओलांडून गेलीत. धरणं भरली नाहीत की आपल्याकडे लगेच टँकरच्या बातम्या सुरू होतात, त्या मीच लिहितो. पाण्याचा टँकर मागवता येतो. हे ज्ञान गेलं तर ते कुठून मागवणार?

म्हणून तीन साध्या मागण्या आहेत. एक, दौंड जंक्शनवर एक फलक लावा, दोन ओळींचा: दौंड-मनमाड लाईनचं मातीकाम १८७६-७७ च्या दुष्काळातल्या मजुरांनी केलं. रेल्वेला याचा खर्च एका होर्डिंगएवढाही येणार नाही. दोन, शाळांनी मुलांना एकदा तरी घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून १९७२ लिहून आणायला सांगावं. प्रकल्प म्हणून नेटवरून ज्वालामुखीचं चित्र चिकटवण्यापेक्षा ते बरं. तीन, आपल्या हॉटेलवाल्या मित्रांनो, आठवड्यातून एक दिवस पाटीवर 'हुलग्याचं माडगं' आणि 'कण्या' असं स्पष्ट लिहा. 'मिलेट सूप' नको.

व्हिएतनामला जरूर जा. कॉम ताम खाऊन या. फक्त तिथला माणूस तुम्हाला 'ही आमच्या गरिबीतली कणी' असं सांगत असेल, तेव्हा त्यालाही सांगा की आमच्याकडेसुद्धा कण्या आहेत.

आणि तुमच्या घरात १९७२ ची मिलो, सुकडी, कण्या कुणी खाल्ली असेल, तर खाली कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव टाका, कोणत्या कामावर होते ते टाका, काय शिजवायचे आणि कसं शिजवायचे ते टाका. चार ओळी चालतील. मी ते सगळं गोळा करून ठेवणार आहे.